ऑईलगळतीचं खापर ड्रायव्हरच्याच माथी का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रस्त्यावर सांडलेल्या ऑईलवरून दुचाक्या घसरल्याची बातमी आपल्या जिल्हा पानावर वाचली. बातमी आली हे बरंच झालं. ऊस हंगामात आमच्या भागात हा त्रास नेहमीचा आहे. पण शेजारच्या चौकटीत ‘ट्रॅक्टरचालकांचा निष्काळजीपणा’ एवढं कारण देऊन विषय मिटवलाय, ते काही पटलं नाही. मी कुपवाड एमआयडीसीत एका लहान कारखान्यात क्विक कपलिंगच्या असेंब्लीचं आणि टेस्टिंगचं काम पाहते. ट्रॅक्टरच्या मागून, ट्रॉलीची बॉडी ऑईलच्या दाबानं उचलणाऱ्या जॅककडे जो होज पाइप जातो, तो पाना न लावता हातानं खटकन जोडता-सोडता यावा म्हणून बसवलेला हा जोड. दुकानात कुणी त्याला क्यूआरसी म्हणतं, कुणी कपलर, कुणी नुसतं ‘मेल-फिमेल’: आत शिरतो तो तुकडा मेल, त्याला आत घेतो तो फिमेल. रस्त्यावर येणारं ऑईल पुष्कळदा इथूनच गळतं, आणि ते गळणार की नाही हे ड्रायव्हर सीटवर बसण्याच्या बरंच आधी, लेथवर आणि खरेदीच्या टेबलावर ठरलेलं असतं.

आधी एक दुरुस्ती. बातमीबरोबर फोटो उसाच्या ट्रॉलीचा आहे. साध्या ऊस ट्रॉलीला हायड्रॉलिक नसतंच. ती कारखान्याच्या गव्हाणीपाशी क्रेननं रिकामी होते. ऑईल सांडतं ते डंपिंग ट्रॉल्यांचं. माती, मुरूम, विटा, शेणखत, साखर कारखान्यातून निघणारी प्रेसमड, म्हणजे रसाचा गाळ, वाहणाऱ्या ट्रॉल्या. शिवाय हार्वेस्टरबरोबर शेतात फिरून तोडलेला ऊस झेलणाऱ्या ट्रॉल्या, म्हणजे इनफिल्डर. उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टरही गळू शकतो, कारण त्याच्या पाठीमागची फिमेल कपलिंगं मोकळी असली तरी व्हॉल्व्हमधून झिरपलेलं ऑईल त्यांच्यापर्यंत पोचतंच. पण तो वेगळा प्रकार. कारवाई करायचीच असेल तर निदान योग्य गाडी थांबवावी, एवढंच म्हणणं.

आता हा जोड कोण बसवतं ते पाहा. फिमेल ट्रॅक्टर कंपनीकडून येतं. मेल, म्हणजे निपल, ट्रॉली बनवणारा फॅब्रिकेटर बसवतो. होज पाइप तिसऱ्याच दुकानात क्रिम्प होतो, म्हणजे त्याच्या टोकाला फिटिंग दाबून बसवलं जातं. गळायला लागलं की शोरूमवाला म्हणतो ट्रॉलीचा निपल हलका आहे, ट्रॉलीवाला म्हणतो ट्रॅक्टरचं कपलिंग झिजलंय, होजवाला दोघांकडे बोट दाखवतो. तिघांनाही आपापल्या परीनं खरं बोलल्याचं समाधान मिळतं. मधे सापडतो तो ड्रायव्हर, कारण पोलिसांना तो एकटाच रस्त्यावर भेटतो.

ट्रॅक्टरच्या कपलिंगला आयएसओ 5675 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, सर्वसाधारण औद्योगिक कपलिंगांना आयएसओ 7241. मापं पाळली तर एका कंपनीचं मेल दुसऱ्या कंपनीच्या फिमेलमध्ये निर्धास्त बसावं, हाच त्या मानकांचा हेतू. पण आमच्याकडे बाजारात निपल विकला जातो तो ‘अर्धा इंची द्या’ एवढ्यावर. हातात घेतला तर सगळे सारखेच दिसतात. पिवळं किंवा पांढरं प्लेटिंग, चकचकीत. त्यावर बनवणाराचं नाव नसतं, दाबाचा आकडा नसतो, मानकाचा नंबर तर नसतोच.

या चकचकीत निपलचं नेमकं काय बिघडतं, ते जरा तपशिलात सांगते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा दाब साधारण 150 ते 200 बार असतो, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या जवळपास तेवढ्या पट. जोड बसला की फिमेलमधली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, निपलच्या बाहेरच्या गोलाईवर टेकते. ही गोलाई 20 मिलीमीटर व्यासाची धरली तर 180 बारला ऑईल त्या निपलला साडेपाचशे किलोहून जास्त जोरानं बाहेर ढकलत असतं. त्याला धरून कोण ठेवतं? निपलवरच्या खाचेत अडकलेले आठ-दहा छोटे बॉल. म्हणजे एकेका बॉलवर साठ-सत्तर किलो, तेही टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेवर. शिवाय लिव्हर झटक्यानं ओढला की क्षणभर दाब याच्याही वर जातो. बॉल बेअरिंगच्या पोलादाचे, कडक असतात. निपल मात्र स्वस्तात काढायचा म्हणून सहज कटणाऱ्या मऊ स्टीलचा करून, हीट ट्रीटमेंट न करता, थेट प्लेटिंगला पाठवला जातो. काही महिने चालल्यावर त्या खाचेत बोट फिरवून पाहा. बॉलनं केलेले बारीक खळगे नखाला लागतात. खळगे पडले की निपल आत ढिला होतो, होज हलेल तसा डुलतो आणि ओ-रिंग एका बाजूला दाबली जाते, दुसऱ्या बाजूला मोकळी पडते. मग मेकॅनिक काय करतो? ओ-रिंग बदलतो. आठ दिवस बरं चालतं, पुन्हा गळतं, पुन्हा ओ-रिंग. मूळ दुखणं पोलादात आणि औषध रबराला. निपलची खाच आणि पुढचा भाग वरून कडक केलेला असेल, इंडक्शननं किंवा केस हार्डनिंगनं, तर हे होत नाही. खर्च वाढतो, पण एका निपलमागे तो एखाद्या लिटर ऑईलच्या पलीकडे जात नाही, हे मी रोजच्या व्यवहारावरून सांगते.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. लेथवर टर्निंग केलेल्या गोलाईवर टूलच्या बारीक रेषा राहतात आणि त्या आट्यांसारख्या फिरत फिरत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जातात. ओ-रिंगखालून ऑईलला बाहेर यायला ही आयती वाट मिळते. म्हणून जिथं रिंग सरकते तो भाग ग्राइंडिंग किंवा बर्निशिंग करून गुळगुळीत लागतो; आम्ही 0.4 मायक्रॉन आरए (खडबडीतपणाचं माप) धरतो. प्लेटिंगनं व्यास वाढतो तो वेगळाच. दोन्ही बाजूंचे मिळून वीस-एक मायक्रॉन. ड्रॉइंगवर ‘माप प्लेटिंगनंतरचं’ असं लिहिलेलं नसलं की माल परत आलाच म्हणून समजा.

आणि कड. निपलच्या तोंडाला पंधरा-वीस अंशांचा लांबट उतार हवा, म्हणजे आत शिरताना तो रिंगला हळूच बाजूला सारतो. तिथं धार राहिली तर दर जोडणीला रिंगचा एक कपचा निघतो. आमच्याकडे नव्या पोरींना मी पहिल्यांदा हेच शिकवते: कापसाचा बोळा कडेवरून फिरवायचा. तंतू अडकला की तिथं ‘बर’, म्हणजे धातूचा बारीक कंगोरा, राहिलाय; पीस बाजूला. मायक्रोमीटर नंतर हातात मिळतो.

आता टेस्टिंगकडे येते, कारण या पत्राचं मुख्य कारण तेच आहे. आमच्याकडे माल घ्यायला येणारे बहुतेक लोक एकच विचारतात, ‘किती बारला टेस्ट केलंय?’ मी 350 सांगितलं की समाधान. एका ट्रॉली बनवणाऱ्यानं पाठवलेला इन्स्पेक्टर तर कमी दाबाची टेस्ट लावल्यावर घड्याळ बघायला लागला. ‘मॅडम, यात काय बघायचंय? जास्तीला टिकलं म्हणजे कमीला टिकणारच की.’ हा समज सगळीकडे आहे, इंजिनिअर मंडळींतही आहे, आणि तो चुकीचा आहे. ओ-रिंगचं काम असं चालतं: खाचेत बसताना तिला साधारण पंधरा-वीस टक्के चेपलेलं असतं. कमी दाबाला गळती अडवते ती एवढीच चेप. दाब वाढला की ऑईल स्वतःच रिंगला खाचेच्या कोपऱ्यात ढकलतं आणि सील आणखी घट्ट होतं. म्हणजे 300 बारला कोरडं राहणारं कपलिंग 4-5 बारला खुशाल गळू शकतं. खाच खोल झाली, रिंग पातळ आली, निपल ढिला बसला, यातलं काहीही झालं तरी मोठा दाब त्यावर पांघरूण घालतो. ट्रॅक्टर दिवसातला किती वेळ पूर्ण दाबावर असतो? ट्रॉली उचलताना, तेवढाच. रस्त्यानं जाताना आणि रात्री गोठ्याशेजारी उभा असताना पाइपात दाब असतो तो किरकोळ. थेंब पडतात ते तेव्हा. सकाळी खाली डाग दिसतो आणि मालक म्हणतो, ‘काल ट्रॉली उचलताना तर एक थेंब नव्हता.’ मालक खरंच बोलत असतो.

जास्त दाबाचा धोका आणखी वेगळा. तिथं रिंग धातूधातूंमधल्या फटीत घुसते आणि तिची कड कुरतडली जाते. त्यासाठी रिंगच्या पाठीशी टेफ्लॉनची बॅकअप रिंग लागते, आणि ती दाबाच्या विरुद्ध बाजूलाच हवी. दाबाच्या बाजूला बसवली तर नुसती शोभेला. गावात कपलिंग खोलून रिंग बदलली जाते तेव्हा ही पांढरी चकती पुष्कळदा उलट्या बाजूला जाते, नाहीतर ‘जास्तीची आली होती’ म्हणून फेकून दिली जाते.

तेव्हा टेस्ट एक नाही, निदान चार लागतात. जोडलेल्या अवस्थेत कमी दाबाला. जोडलेल्या अवस्थेत जास्त दाबाला. सोडलेल्या अवस्थेत मेल आणि फिमेल वेगवेगळं, दोन्ही दाबांना. आणि जोडताना-सोडताना किती सांडतं, किती हवा आत जाते, ते मोजून. आयएसओ 18869 मध्ये याच्या पद्धती दिलेल्या आहेत, दाबाच्या झटक्यांची चाचणीही त्यात आहे. आम्ही काही नवीन शोध लावत नाही. पण खरेदीच्या ऑर्डरीवर यातली एकही ओळ नसते, फक्त ‘350 बार टेस्टेड’ असतं, आणि त्याखाली दर.

आता ड्रायव्हर. तो दगडानं कपलिंग ठोकतो, हे मी पाहिलंय आणि तुम्हीही पाहिलं असेल. निष्काळजीपणाच्या आरोपाला आधार आहे तो एवढाच. पण तो ठोकतो का? ट्रॉली सोडून शेताच्या बांधावर उभी केली, होज ऑईलनं भरलेला, तोंडाला पॉपेट, म्हणजे निपलमधली स्प्रिंगची झडप, बंद. काळा पाइप दुपारच्या उन्हात तापतो. कडक नळीत कोंडलेलं ऑईल एका अंशानं तापलं तर दाब सुमारे 10 बारनं वाढतो. रबरी होज थोडा फुगतो, म्हणून एवढा वाढत नाही, पण सकाळ ते दुपार वीस-पंचवीस अंशांचा फरक पडला की आत शंभर बार सहज येतो. पॉपेटची सीट 14 मिलीमीटरची धरली तरी ते आत ढकलायला दीडशे किलोहून जास्त जोर पाहिजे. तो कुणाच्या मनगटात आहे? जोड बसत नाही, मागं मजूर थांबलेत, मालकाचा फोन वाजतोय. मग तो बोल्ट किंवा दगड घेऊन पॉपेटच्या टोकावर मारतो. फस्सकन ऑईल उडतं, दाब सुटतो, जोड बसतो. पण पॉपेटचं टोक ठेचलं जातं, सीटची रिंग कापली जाते, आणि त्या दिवसापासून तो निपल सुटा असताना थेंब-थेंब गाळतच राहतो.

याला उपाय आहेत, दोन्ही बाजूंनी. ड्रायव्हरच्या बाजूनं: ट्रॉलीची बॉडी पूर्ण टेकू द्यायची, लिव्हर खाली धरून ठेवायचा, इंजिन बंद करायचं, मग जोड सोडायचा. हे कुणी शिकवलेलं नसतं, ट्रॉलीबरोबर कागद येत नाही. डिझाइनच्या बाजूनं: पॉपेटच्या पोटात आणखी एक छोटा व्हॉल्व्ह बसवता येतो. जोडताना आधी तो उघडतो, कोंडलेला दाब वाट काढून जातो आणि मग मोठा पॉपेट हलक्या हातानं मागं जातो. किंवा स्क्रूचं कपलिंग. रॉक ब्रेकरवर तेच असतं: आटे फिरवत नेले की दाब असला तरी जोड बसतो, आणि बॉल नसल्यानं खळग्यांचाही प्रश्न मिटतो. फॅब्रिकेटरला ही नावं माहीत असतात. ग्राहकानं मागितलं नाही म्हणून तो लावत नाही.

पॉपेटच्या कपलिंगची एक खोड त्याच्या आकारातच आहे. दोन पॉपेट एकमेकांना ढकलून उघडतात, म्हणजे दोघांमध्ये थोडी पोकळी राहते. सोडताना त्या पोकळीतलं ऑईल बाहेर पडणारच, दर वेळी एखाद-दुसरा मिलीलिटर. त्याला गळती म्हणता येत नाही, पण दिवसभर ट्रॉल्या बदलणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागं तेवढ्यानंच चिखल होतो. फ्लॅट फेस कपलिंगमध्ये ही पोकळीच काढून टाकलीय. फिमेलच्या मध्ये एक स्थिर दांडा असतो, त्याचं तोंड सपाट. मेलच्या व्हॉल्व्हचंही तोंड सपाट. आधी दोन्ही सपाट तोंडं एकमेकांना टेकतात आणि मगच मेलची बाहेरची बॉडी फिमेलची सरकती बाही मागं ढकलते, स्थिर दांडा मेलचा व्हॉल्व्ह आत ढकलतो. मध्ये ऑईल साठायला जागाच नाही. सोडल्यावर तोंडावर नुसता ओलसर थर राहतो, फडक्यानं पुसता येतो. आयएसओ 16028 हे त्याचं मानक. त्यात पुढच्या सीलची रिंग सुटी ठेवली तर जोरात वाहणाऱ्या ऑईलबरोबर ती खाचेतून उपटून जाते, म्हणून चांगल्या कपलिंगात रबर धातूलाच चिकटवून मोल्ड केलेलं असतं. स्वस्त नकलेत तिथं साधी ओ-रिंग असते. बाहेरून फरक कळत नाही. पुढच्या तोंडाच्या फटीत बारीक सुई हळूच लावली तर सुटी रिंग हलते.

प्रत्येक ट्रॉलीला फ्लॅट फेस लावा असं मी म्हणणार नाही. दुपटी-तिपटीच्या घरात किंमत जाते, आणि ट्रॅक्टरच्या पाठीमागचं फिमेल जुन्या पद्धतीचंच असतं, तेही बदलावं लागतं. वर्षातून चार वेळा खत वाहणाऱ्या शेतकऱ्याला नीट बनवलेला, कडक केलेला पॉपेटचा निपल आणि एक टोपी एवढं पुरे. पण हार्वेस्टरचं काम करणारे कंत्राटदार, दिवसाला अनेकदा जोड-सोड करणारे इनफिल्डर, नगरपालिकेच्या कचरा गाड्या, यांना फ्लॅट फेस परवडतं. न लावणंच महाग पडतं. सेकंदाला एक थेंब पडत राहिला तर दिवसाला तीन-चार लिटर ऑईल जातं, हिशेब करून पाहा.

टोपी म्हटली म्हणून सांगते. कपलिंगबरोबर प्लास्टिकची लाल-काळी टोपी येते, ती पहिल्याच आठवड्यात हरवते. मग सुटा निपल मातीत लोळतो आणि तसाच आत ढकलला जातो. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांचं ऑईल एकच असतं. म्हणजे निपलला चिकटलेली वाळू सरळ पंपात आणि गिअरपर्यंत पोचते, आणि कपलिंगमधून गळून जातं ते गिअरबॉक्सचं ऑईल. ट्रॉली या ट्रॅक्टरची त्या ट्रॅक्टरला लावली की जॅकमध्ये राहिलेलं एकाचं काळं ऑईल दुसऱ्याच्या पोटात. शेजारधर्म म्हणून ट्रॉली देतात, पण यात काय-काय दिलं जातं याचा विचार कुणी करत नाही. दोन टोप्या असतात, जोड बसल्यावर त्या एकमेकींत खोचून ठेवायच्या असतात, म्हणजे त्यांच्याही आत धूळ जात नाही. त्या तशाच आकाराच्या केलेल्या असतात. वाळव्याच्या आमच्या एका नातेवाइकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘अगं, मला वाटलं ती पॅकिंगची आहे.’

टेफ्लॉन टेपबद्दलही एक तक्रार. होजच्या टोकाचे बीएसपी आटे समांतर असतात, तिथं सील होतं ते डाउटी वॉशरवर (रबर चिकटवलेल्या धातूच्या वॉशरवर), आट्यांवर नाही. त्यावर नळ बसवल्यासारखी पांढरी टेप गुंडाळायची आणि जोर लावून आवळायचं, ही सवय प्लंबिंगमधून आलीय. टेपचे तुकडे तुटून आत जातात आणि पॉपेटच्या सीटवर बसतात. मग पॉपेट पुरता बंद होत नाही. आमच्याकडे परत आलेल्या ‘खराब’ कपलिंगांतून मी चिमट्यानं टेप काढते, धुते, टेस्ट लावते, आणि पीस पास होतो.

एक गोष्ट आपल्या वाचकांना ठळक अक्षरात सांगावी ही विनंती. हायड्रॉलिकची गळती हातानं शोधू नये. होजला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं किंवा जोडातून बारीक फवारा उडत असला तर ते ऑईल कातडी भेदून आत शिरतं. त्याला शंभर-दोनशे बारही लागत नाहीत. बाहेर नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस हळद लावून कामाला लागतो. आत ऑईल बोटाच्या, तळव्याच्या पेशींमध्ये पसरलेलं असतं. काही तासांत शस्त्रक्रिया करून ते काढलं नाही तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. दवाखान्यात गेल्यावर ‘टोचलं’ असं न सांगता ‘दाबाचं ऑईल आत गेलंय’ असंच सांगावं, म्हणजे डॉक्टर मलमपट्टी करून घरी पाठवणार नाहीत. गळती बघायची ती पुठ्ठा धरून, इंजिन बंद करण्याआधी लांबून. वर जे दगडानं ठोकण्याचं सांगितलं, त्यात ड्रायव्हर कपलिंगवर वाकलेला असतो आणि दुसऱ्या हातानं होज धरलेला असतो. निष्काळजीपणाचा दंड लावताना हे कुणाच्या डोळ्यासमोर असतं का?

हंगामाच्या तोंडावर साखर कारखाने, पोलीस आणि आरटीओ मिळून ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायची मोहीम घेतात. चांगलं काम आहे, त्यानं जीव वाचतात. त्याच रांगेत उभ्या असलेल्या डंपिंग ट्रॉल्या आणि इनफिल्डर यांची आणखी एक तपासणी करता येईल. कपलिंग सोडायचं, दोन्ही तोंडं कोरड्या फडक्यानं पुसायची, खाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायचा आणि रिफ्लेक्टर चिकटवून होईपर्यंत थांबायचं. पुठ्ठ्यावर डाग आला तर निपल बदला, मगच वाहतुकीचा करार. यंत्र लागत नाही, इंजिनिअर लागत नाही. ज्यांना डाग येईल त्यांना दंडाची पावती देण्याऐवजी कुठला निपल मागायचा हे लिहिलेली चिठ्ठी द्यावी. मानक, दाबाचा आकडा, कडक केलेला, कमी दाबाला टेस्ट केलेला. एवढे चार शब्द चिठ्ठीवर असले तरी दुकानदाराला पुढच्या वेळी ‘अर्धा इंची द्या’वर माल खपवता येणार नाही.

ट्रॉली फॅब्रिकेटरांच्या बिलावरही कपलिंगची एक वेगळी ओळ असावी. आत्ता ट्रॉलीच्या बिलात पत्रा, चॅनेल, अ‍ॅक्सल, टायर, जॅक सगळं वेगवेगळं लिहितात आणि कपलिंग ‘इतर फिटिंग’मध्ये जातं. जे ‘इतर’मध्ये जातं, त्यात काटकसर ठरलेली. काही फॅब्रिकेटर मला म्हणतील, तुम्ही तुमचा माल खपवायला हे लिहिताय. तर सांगते, आमचा कारखाना लहान आहे, ऑर्डरी पेलवतील तेवढ्याच घेतो, आणि या पत्रात म्हणूनच कारखान्याचं नाव नाही. शतकापूर्वी याच जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीत, लोखंडी नांगर बनायला लागले आणि देशभर गेले. कुपवाड, मिरज, पलूस, पलीकडे शिरोली, गोकुळ शिरगाव, इथल्या कुठल्याही बऱ्या वर्कशॉपात हा निपल नीट बनू शकतो. लेथ आहे, ग्राइंडर आहे, हीट ट्रीटमेंटवाले आहेत. ऑर्डरीवर ती ओळ लिहिणारं गिऱ्हाईक तेवढं नाही.

आयटीआयच्या ट्रॅक्टर मेकॅनिकच्या पोरांना कपलिंग खोलून-जोडून दाखवावं, बॅकअप रिंग कुठल्या बाजूला जाते ते हातानं करून घ्यावं, हेही सुचवते. कुपवाडमध्ये कुणा शिक्षकाला जुने, खळगे पडलेले, टोकं ठेचलेले निपल शिकवायला हवे असतील तर आमच्याकडे भंगाराच्या डब्यात भरपूर आहेत. मालकांना विचारून ठेवलंय, ते न्यायला हरकत नाही.

आपली नियमित वाचक,
कुपवाड, ता. मिरज, जि. सांगली